कापडाच्या टोकाला तीन गाठी

११ फेब्रुवारी
जिल्हा रुग्णालय

मोठ्या आईस,

मास्तर चिंगोटांना सांगा, आधी चष्मा पुसा. हे पत्र सावकाश आणि मोठ्यानं वाचायचं आहे. मास्तर, शाळेत आमच्याकडून वाचून घ्यायचात तसं, शब्द न गिळता. त्या मधेच उठून शेताकडे निघाल्या तर दारात आडवे बसा. मी दोनदा आले तेव्हा दोन्ही वेळा त्या कुदळ घेऊन चालत्या झाल्या आणि मी अंगणात कोंबड्यांशी बोलून परतले. फोनवर माझा आवाज ऐकला की बंद करतात. पत्राला तसं बंद करता येत नाही, म्हणून पत्र.

मोठ्या आई, मी जिंकले आहे, एवढंच कळवायचं होतं. गेल्या अडीच वर्षांत माझ्या टेबलावर तीनशे अकरा बायका झोपल्या आणि तीनशे अकरा उठल्या. मी डॉक्टर नाही हे मला माहीत आहे, तुम्ही आठवण करून द्यायला नको. पण सरोवराच्या या काठावर माणसाला भूल देऊन परत उठवणारी मी एकटीच आहे. बाम्बो लुंगू पोट उघडतात, शिवतात, आणि बाहेर जाऊन कौतुक ऐकतात. तेवढा वेळ जीव माझ्या हातात असतो.

आता मला एक नवी पेटी मिळाली आहे. पिवळी, मक्याच्या कणसाएवढी. तिचा चिमटा बोटाला लावायचा, की रक्तात हवा किती आहे ते ती आकड्यात सांगते. प्रत्येक ठोक्याला टुक् करून वाजते. हवा कमी झाली की तो आवाज जाडा होत जातो. त्यामुळे आकड्याकडे बघावंसुद्धा लागत नाही, नुसता कान द्यायचा. तुम्ही पोटाला कान लावून डोळे मिटायच्यात ना, तशी मी दिसते म्हणे. असं सिस्टर मालिता म्हणाली. तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, तिला मीच सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र ती पेटी सांगत नाही. बाई वाऱ्याची मुळी पिऊन आली आहे की नाही.

जन्मभर दाईपण केलेल्या तुम्हाला मी मुळीबद्दल काय शिकवणार! एका वाटीनं कळा येतात. जास्त झाली तर गर्भाची पिशवी फाटते, आणि रक्त आतल्या आत साचतं. वरून बाई धडधाकट दिसते. अशा बाईला मी कमरेत सुई दिली की कमरेखालचं सगळं अंग सैल पडतं आणि उरलासुरला रक्तदाब धाडकन खाली येतो. मग काही केल्या वर येत नाही. आधी कळलं तर मी ती सुई देतच नाही. केटामिन देते. ते रक्तदाब धरून ठेवतं. रक्ताच्या पिशव्या आधी टांगते, मग बाम्बोंना हात लावू देते. म्हणजे सगळं एका प्रश्नाच्या उत्तरावर आहे, आणि त्या प्रश्नाला प्रत्येक बाई खोटं उत्तर देते. दाईकडे गेली असं कळलं तर गावाला एक बकरी द्यावी लागते. तो नियम कसा झाला ते आपण दोघी जाणतो.

बाई न बोलता मला कसं कळेल, एवढंच सांगा. बाकी माझं तुमच्यावाचून काही अडलेलं नाही.

तुमची
झेलिफा

ता. क. मास्तर, सुकवलेल्या उसिपाची पुडी तुमच्यासाठी आहे. त्यांनी मासे परत पाठवा म्हटलं तर ऐकू नका.


३ एप्रिल

मोठ्या आईस,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी सायकलवर माणसं नि पत्रं आणणारा काबाझावाला फाटकातून आत आला की माझी मान वळायचीच. शेवटी तो म्हणाला, "बाई, रोज माझ्याकडे असं बघू नका, माझी बायको इथंच भाजी विकते."

काल एक बाई आली. तुमच्या बाजूचीच, टेकडीखालची. मी विचारलं, "काही प्यायलीस का?"

"नाही."

"मुळी?"

"नाही हो, सिस्टर. फक्त चहा."

"कुणाकडे गेली होतीस?"

"कुणाकडेच नाही. देवाशप्पथ!"

तिच्या तोंडाला मुळीचा वास येत होता! मग दाब बघायची पट्टी आणली, नाडी मोजली, परत मोजली, आणि केटामिन दिलं. ती वाचली. पण प्रत्येकीच्या तोंडाला वास येत नाही आणि मी काही कुत्रा नाही.

रात्रपाळी नव्हती म्हणून जेवून लवकर आडवी झाले, तर तुमची चिंधी आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. आई जाऊन वर्ष झालं होतं, मी तुमच्याकडेच राहायचे. तुम्ही मला बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात बसवायच्यात आणि हातात कापडाची चिंधी द्यायच्यात. एक वाटी पाजली की म्हणायच्यात, "बांध." मी बांधायचे. माझी गाठ तुम्हाला कधीच पसंत पडली नाही. तुम्ही सोडून परत बांधायच्यात, डाव्या हातानं, उलट्या पिळाची आणि दुहेरी. "माझी गाठ ओढली तर घट्ट होते," म्हणायच्यात, "तुझी ओढली तर पळून जाते." मग ती चिंधी बाईच्या मनगटाला. पुढे कुणी दुसरी दाई आली तरी तिला हात लावून कळायचं, किती झाल्या.

आज मी दर पाच मिनिटांनी कागदावर खूण करते. वरचा दाब, खालचा दाब, नाडी, कोणतं औषध किती. शिकवणाऱ्या गोऱ्या डॉक्टरांना वाटलं मी फार लवकर शिकले. त्यांना काय माहीत मी कुठल्या शाळेत होते ते.

मोठ्या आई, बोलू नका माझ्याशी. नकाच बोलू. पण तुमच्याकडे येणाऱ्या बाया तुम्हाला खरं सांगतात. त्यांच्या मनगटाला पूर्वीसारखी चिंधी बांधा. जितक्या वाट्या तितक्या गाठी. नाव नको, निरोप नको. गावच्या प्रमुखबाईंना कळणार नाही, बकरी कुणाची जाणार नाही. मी पाहीन आणि गप्प बसेन.

तुम्ही म्हणाल, मुळी उकळायचं मडकं फुटलं, आता कसली मुळी नि कसल्या वाट्या. मडकं मी नाही फोडलं. तुम्हीच रानअंजिराच्या झाडाखाली सगळ्यांसमोर आपटलंत, आणि एक शब्द न बोलता घरी गेलात. बोलला असतात तर बरं झालं असतं.

झेलिफा


१९ जून

मोठ्या आईस,

हे पत्र लहान आहे. रागात आहे मी.

एप्रिलपासून तुमच्या बाजूच्या सहा बाया आल्या. सहाही मनगटं मी स्वतः उलटीसुलटी करून पाहिली. एकावरही चिंधी नाही. सहा बायांना मी अंदाजानं भूल दिली. आंधळ्यासारखी! वाचल्या, ते माझं नशीब आणि त्यांचं. तुमचा राग माझ्यावर आहे ना? मग तो त्या बायांवर का काढता? अडून बसायलाही काही हद्द असते.

वरचं लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. आता पुढचं लिहिते. मास्तर, इथून पुढे हळू आवाजात वाचलंत तरी चालेल. नको, मोठ्यानंच वाचा.

जवळजवळ तीन वर्षांपूर्वी एनेलेस आली तेव्हा दुपार होती. पंचवीस वर्षांची, उंच, हसरी. खाट ढकलत आणली तरी ती हसत होती. तिची नाडी एकशे बत्तीस होती. मी ती भीतीची धरली. मी तिला बसवून कमरेत सुई दिली. मग आडवी केली आणि पट्टीत हवा भरली, तर दाब लागेना. परत भरली. लागेना. ती म्हणाली, "सिस्टर, मला लांबून ऐकू येतंय." त्यानंतर ती काही बोलली नाही. बाम्बोंनी पोट उघडलं तर सगळं रक्तच होतं. बाळही गेलं.

तीन आठवड्यांनी झाडाखाली सभा भरली. मी उभी राहून सगळ्या गावासमोर म्हणाले, "नाम्वालेंनी तिला मुळी पाजली आणि मला कुणी सांगितलं नाही." मोठी आईसुद्धा म्हटलं नाही मी तुम्हाला, नावानं हाक मारली. त्याच सभेत तुमचं मडकं फुटलं आणि बकरीचा नियम झाला.

मला सांगितलं होतं. तिच्या डाव्या मनगटाला चिंधी होती. निळी. मी सलाइन लावायला शीर शोधत होते आणि चिंधी आड येत होती. आमच्याकडे नियम आहे, ताईत, दोरे, मणी, सगळं काढायचं. मी कात्री घेतली आणि कापली. कापताना गाठ बोटाला लागली. लागली मला, मोठ्या आई! एक क्षण हात थांबलासुद्धा. मग बाम्बो म्हणाले, "झेलिफा, आज का उद्या?" आणि मी चिंधी बादलीत टाकली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तीनशे अकरा बायका मोजते ना मी, त्या तिच्यानंतरपासून मोजते.

आता तरी काही म्हणा. शिव्या द्या.

झेलिफा


२७ ऑगस्ट

मोठ्या आई! मोठ्या आई! मोठ्या आई!

मास्तर, हे तीनदा लिहिलंय ते तीनदाच वाचा. आणि नाचता येत असेल तर नाचा, गुडघे दुखत असले तरी.

मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला तियामिके आली. तुमच्याच बाजूची, तुम्हाला कोण ते सांगायला नको. सायकलच्या मागच्या खाटल्यावर, एकटी. तिची सासू दुसऱ्या सायकलवर होती आणि त्या सायकलचं चाक अर्ध्या वाटेत बसलं. त्या चाकाला मी जन्मभर नमस्कार करीन. एरवी काय होतं, बाईबरोबर घरची कुणीतरी असते. आमच्या दारात बाईचं कमरेचं चितेंजे सोडून तिच्याकडे देतात आणि बाईला हिरवा झगा घालून आत आणतात. तियामिकेचं कापड घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून ते तिच्याबरोबर तसंच आत आलं. पिवळं, माशांची नक्षी असलेलं.

बाळंतपणाच्या खोलीतून निरोप होता, कळा होत्या, आता थांबल्या, बाई थकली आहे, मूल आडलंय, पोट उघडा. दाब एकशे दहा, चांगला. नाडी एकशे चौतीस.

मी विचारलं, "काही प्यायलीस का?"

"नाही."

"घाबरलीस का?"

"हो."

बाम्बो लुंगू हात धुऊन उभे होते. "दे कमरेत आणि मोकळी हो, झेलिफा. तीन वाजता मला बैठक आहे."

मी सुई भरून ठेवली होती. सलाइनसाठी तियामिकेचा हात फळीला बांधायचा होता, म्हणून काही मिळतंय का बघितलं. पट्टी संपलेली. तिच्या कापडाचं टोक ओढलं, तर त्याला गाठी. आता तुम्हाला माहीत आहे, बाईच्या चितेंजेच्या टोकाची गाठ म्हणजे तिचे पैसे. ती सोडायची नसते, चाचपायचीसुद्धा नसते. कुणी चाचपली तर त्या बाईनं थोबाडीत दिली तरी न्याय तिच्याच बाजूनं. मी हात मागे घेतला. पण बोटाला ते लागलं होतं. आत नाणं नव्हतं, नोट नव्हती. नुसतं कापड. एकामागोमाग तीन गाठी.

मी परत हातात घेतल्या. दुहेरी. उलट्या पिळाच्या. डाव्या हाताच्या.

मी एक ओढून पाहिली. घट्ट झाली.

मला काय झालं ते लिहिता येत नाही. डोळे भरले आणि नाकातोंडावर मास्क, पुसायची सोय नाही.

"बाम्बो," मी म्हणाले, "कमरेत सुई नाही. केटामिन. आणि रक्त येईपर्यंत सुरी लावायची नाही."

"का? दाब तर छान आहे."

"तीन गाठी आहेत."

"तीन काय?"

"गाठी! हिनं तीन वाट्या मुळी घेतली आहे. कळा थकून नाही थांबल्या, पिशवी फाटून थांबल्यात."

"तुला स्वप्न पडलं का गं?" बाम्बो मालिताकडे बघून म्हणाले, "हिला सकाळी खायला न्सिमा मिळालेला दिसत नाही."

"बाम्बो, तुम्ही मला आठ वर्षं ओळखता. मी कधी विनाकारण तुमची बैठक चुकवली आहे?"

ते टेबलापासून एक पाऊल मागे झाले. तियामिके आमच्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि पहिल्यांदाच पोलिसासारखं नाही, तर तुमच्या आवाजात विचारलं, "लेकी, नाम्वालेंनी तीन बांधल्या ना?"

ती रडायलाच लागली. "हो. पण बकरी नाही आमच्याकडे."

"बकरी मी देते. झोप."

मालिता रक्तासाठी धावली. अशी धावली, की वाटेत तिची एक चप्पल राहिली ती संध्याकाळी सापडली. दोन्ही हातांत जाड सुया, दोन पिशव्या टांगल्या, आणि मग मी केटामिन दिलं, नेहमीपेक्षा कमी, कारण रक्त कमी असलेल्या बाईला तेवढंही पुष्कळ होतं. स्नायू सैल करायचं औषध, श्वासनळीत नळी, आणि "चला, बाम्बो."

पोट उघडलं आणि बाम्बोंच्या कोपरापर्यंत रक्त आलं. पिशवी डावीकडे वीतभर फाटलेली. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "झेलिफा, तू कमरेत दिली असतीस तर..." मग त्यांनी हात आत घातला. बाळ काढलं, मऊ चिंधीसारखं. मालिता त्याला घेऊन कोपऱ्यात गेली.

आणि तेवढ्यात वीज गेली!

हवा शुद्ध करून देणारं यंत्र घरघर करत बंद पडलं. दिवसाचा उजेड खिडकीतून होता तेवढा. माझी पिवळी पेटी मात्र स्वतःच्या बॅटरीवर चालते. मी हातानं फुगा दाबायला लागले आणि कान दिला. टुक्, टुक्, टुक्. आवाज जाडा होत चालला. सत्त्याण्णव, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. मी डाव्या हातानं फुगा दाबत होते, उजव्या हाताची बोटं तिच्या गळ्याच्या नाडीवर. रक्ताची दुसरी पिशवी पिळायला माळीदादांना आत बोलावलं, त्यांना झगासुद्धा नव्हता. बाम्बो शिवत होते आणि दर टाक्याला विचारत होते, "आहे का?" मी म्हणत होते, "आहे. शिवा." किती वेळ गेला ते कागदावर आहे, अठरा मिनिटं. मला ते अठरा वर्षांसारखं वाटलं.

पिशवी आकसण्याचं औषध मी एकदम दिलं नाही, थेंबाथेंबानं दिलं. तीन वाट्या आधीच अंगात आहेत, हे मला माहीत होतं ना! तुम्ही सांगितलं होतंत ना!

मग कोपऱ्यातून मांजर चिरडल्यासारखा आवाज आला. बाळ! मालिता ओरडली, "मुलगी आहे आणि चिडली आहे!" त्याच वेळी माझ्या पेटीचा आवाज बारीक व्हायला लागला. एक्क्याण्णव. पंच्याण्णव. रक्त भरत होतं. दाब लागला. शंभर. मी फुगा दाबता दाबता गायला लागले, कुठलं गाणं ते आठवत नाही, माळीदादा सुरात सूर मिसळत होते आणि बाम्बो टाके घालता घालता मान हलवत होते. त्यांची बैठक गेली ती गेलीच.

तियामिके आज भाकरीएवढा न्सिमा खाऊन बसली आहे. तिला विचारलं, "नाम्वाले मुळी देतात अजून?"

ती म्हणाली, "त्या नाही देत. तीन वर्षं झाली. मुळी बाजारात मिळते. सासूनं आणली. नाम्वाले फक्त येऊन विचारतात, किती प्यायलीस. त्यांना खोटं सांगता येत नाही. मग बांधतात आणि म्हणतात, झोपवणाऱ्या बाईलाच दाखव, दुसऱ्या कुणाला नको."

"मग मनगटाला का नाही बांधली?"

"त्या म्हणाल्या, मनगटावरचं ती कापते. टोकाच्या गाठीला कुणी हात लावत नाही."

मोठ्या आई, मी तिथेच खाटेवर बसले.

मग उठले आणि सगळ्या वॉर्डात फिरले. तुमच्या बाजूच्या दोन बाळंतिणी होत्या. एकीच्या टोकाला एक गाठ, दुसरीच्या एक. "नवऱ्यालासुद्धा सोडू दिली नाही," एक म्हणाली. बुधवारी लस टोचायला आलेल्या बायांना विचारलं. एकजण चिडून म्हणाली, "मी पैसे समजून सोडली, तर आत काहीच नाही! नाम्वालेंनी फसवलं मला." सगळ्या मोजल्या. एप्रिलच्या पत्रानंतर नऊ बाया, नऊही जणींच्या टोकाला गाठी. दारात कापड सोडलं जात होतं आणि कुणाच्यातरी बोचक्यात बांधून बाहेर अंगणातल्या झाडाखाली पडत होतं.

तुम्ही प्रत्येक पत्राला उत्तर देत होतात. नऊ उत्तरं! आणि मी तुम्हाला अडून बसलात म्हणून लिहीत होते. मास्तर, ते जूनचं पत्र फाडून टाका. नको, पहिला अर्धा भाग फाडा. दुसरा राहू द्या.

तुमची, तुमचीच
झेलिफा


९ ऑक्टोबर

मोठ्या आईस,

मी जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि चिंधीचं सगळं सांगितलं. बादलीपर्यंत सगळं. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "हे लिहून दे." मी लिहून दिलं. माझ्या कागदपत्रांत ते आता कायमचं राहील, आणि मला त्याचं काही वाटत नाही. उलट तीन वर्षांनी पाठ टेकून झोपले.

पण ऐका, खरी बातमी पुढे आहे. त्यांनी विचारलं, "हे असंच पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?" मी म्हणाले, "दारात कापड सोडायच्या आधी टोक बघायचं." म्हणून आता नियम झाला. बाईचं चितेंजे तिच्याबरोबर आत येतं आणि भूल देणारी बाई, म्हणजे मी, स्वतःच्या हातानं टोक चाचपते. बाईची परवानगी घेऊन, थोबाडीत न खाता. आणि माझ्या भुलीच्या कागदावर, वजन, नाडी आणि दाब यांच्या खाली एक नवी ओळ छापून आली आहे. "गाठी: ____". छापून, मोठ्या आई! तुमच्या डाव्या हाताची गोष्ट छापून आली आहे. एक कागद सोबत पाठवते. मास्तरांना वाचता येईल तो, तुम्ही नुसतं बोट फिरवा, खालून चौथी ओळ.

दुसरं असं, की माझ्या हाताखाली आता एक मुलगी शिकते आहे, माचे तिचं नाव. तिनं पहिल्याच आठवड्यात दोन बायांना नीट झोपवून नीट उठवलं. म्हणजे या काठावर आता आम्ही दोघी झालो.

प्रमुखबाईंशी बोलले आहे. पुढच्या आठवड्यात शनिवारी रानअंजिराच्या झाडाखाली सभा आहे, त्याच जागी. बकरीचा नियम काढायचा आहे. त्याआधी मी उभी राहून जे तेव्हा लपवलं ते सांगणार आहे. एनेलेसची आई येणार आहे. तरी मी बोलणार. तुम्ही शेताकडे जाऊ नका. मागे उभ्या राहा हवं तर, बघू नका माझ्याकडे, पण असा.

आणखी एक, डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रसूतीला आलेल्या बाया आधी आठवडाभर राहतात त्या शेडमध्ये तुम्हाला जागा देतील. बसायचं, विचारायचं, बांधायचं. तुम्हाला खोटं सांगता येत नाही, म्हणून. बरं वाटलं तर या.

झेलिफा


१९ ऑक्टोबर

झेलिफा,

मास्तरांना लिहायला बसवलं आहे. ते माझे शब्द सुधारायला बघतात म्हणून शेजारी काठी घेऊन बसले आहे. (खरं आहे. – चिंगोटा)

काल तू उभी राहिलीस, ते मी पाहिलं. मागे नव्हते, भांडी घासणाऱ्या बायांच्या मधे होते. आवाज लहान निघाला तुझा. एनेलेसच्या आईनं तुझा हात धरला, तेव्हा मला घरी जाता आलं असतं, पण गेले नाही.

तू कापलीस ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. एनेलेसच्या बहिणीनं बादलीतून उचलून आणली होती. निळी चिंधी, दोन गाठी. अजून माझ्या उशीखाली आहे.

तू सभेत बोललीस तेव्हा ती माझ्या मुठीत होती. तीन वर्षं तुला वाटतं मी रागावून गप्प होते. होतेच रागावलेली. एका शब्दानं तुला तिथं पाडता आलं असतं मला. मग आमच्या बायांना झोपवून उठवायला कोण उरलं असतं? मडकं दुसरं मिळतं. तू एकटीच होतीस. म्हणून मडकं आपटलं. आता तुम्ही दोघी झालात, म्हणून सांगते आहे.

तुझ्या कागदावर बोट फिरवलं. ओळ फार लहान ठेवली आहेस. कधीकधी पाच गाठीही होतात. पुढच्या वेळी लांब ठेवायला सांग.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येते. शेडमध्ये मला भिंतीकडची जागा पाहिजे, वाऱ्याची नको. तुझ्या त्या माचेला चिंध्या घेऊन बसव, तिच्या गाठी मी बघणार आहे. तुझ्याही बघणार आहे.

आणि येईपर्यंत ती कात्री कुठंतरी लपवून ठेव.

मोठी आई